सगळ्यांच्या अंगावरचा कोट

मी एक जुना खाकी कोट आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. तुमच्या गावातल्या किती घरांच्या भिंतींवर मी झळकतो आहे हे कळलं, तर उठून मला बसायला जागा द्याल.

माझा जन्म सैन्याच्या शिवणखान्यात झाला. छातीवर पितळी बटणं आणि खांद्याच्या पट्टीवर एका शिपायाचा नंबर, असा माझा थाट होता. तो शिपाई मला धड आठवत नाही, कारण आमचा सहवास फारच थोडा. एक दिवस तो चिखलात पालथा पडला आणि उठला नाही. मला धुतलं, वाळवलं आणि जुन्या कपड्यांच्या गठ्ठ्यात विकून टाकलं. ओल्या मातीचा वास मात्र माझ्या अस्तरातून गेला नाही.

त्या गठ्ठ्यातून मला एका फोटोवाल्याने उचललं. भर बाजारात त्याचा स्टुडिओ होता. लढाई पेटली होती आणि गावातली पोरं भरती होत होती. गणवेश मिळायचा तो छावणीत गेल्यावर, पण घरच्यांना गणवेशातला फोटो त्याआधीच हवा असायचा. फोटोवाल्याने नामी तोड काढली. जो येईल त्याच्या अंगावर मला चढवायचं, आणि सैल झालो की पाठीमागून टाचण्या मारायच्या. समोरून प्रत्येक जण रुबाबदार दिसायचा. आया म्हणायच्या, "दृष्ट लागेल हो माझ्या लेकराला!" ते ऐकून माझी कॉलर आणखी ताठ व्हायची. स्तुती कोणाला आवडत नाही?

पोरं निघून जायची आणि त्यांचे वास माझ्यात राहायचे. कोणाचा साबणाचा, कोणाचा विडीचा, टांगेवाल्याच्या मुलाचा घोड्याचा. खुंटीवर लटकल्या लटकल्या मी त्यांची हजेरी घेत असे. मग एखाद्या सकाळी त्यातला एक वास नाहीसा झालेला असे, आणि ओल्या मातीचा वास थोडा वाढलेला. चार-आठ दिवसांत त्या घरी तार यायची. माझे धागे गारठून जायचे. मी काही करत नव्हतो हो, मला फक्त आधी कळत होतं.

तार आली की घरची माणसं मला पाहायला यायची. त्याला शेवटचं याच कोटात पाहिलेलं असायचं ना! प्रत्येकाला वाटायचं, हा त्याचाच कोट. कोणी माझ्या बाहीला गाल लावायचं, कोणी नुसतंच खांद्यावर हात ठेवून उभं राहायचं. फोटोवाला मान खाली घालायचा. खरं सांगायला त्याची जीभ रेटत नसे.

एका सुताराचा वास मात्र कित्येक वर्षं गेला नाही. फोटोला आला तेव्हा त्याच्या कडेवर त्याची छोटी मुलगी होती. तिने माझं दुसरं बटण ओढून तोडलं आणि मूठ घट्ट मिटली. फोटोवाल्याने चुचकारलं, डोळे वटारले, पण ती काही केल्या देईना.

"राहू दे तिच्याकडे," सुतार हसत म्हणाला. "मी तिथं हात ठेवतो. फोटोत कोणाला कळतंय?"

त्याने तसाच छातीवर हात ठेवून फोटो काढला. दुसऱ्या दिवशी फोटोवाल्याने मला एक काळं बटण लावलं. सुताराची बायको मुलीला घेऊन माहेरी गेली, त्यामुळे तो फोटो न्यायला कोणी आलंच नाही. सुतार लढाईत बेपत्ता झाला. इकडे माझ्या कॉलरमध्ये लाकडाच्या भुशाचा वास तसाच दरवळत राहिला, जणू तो आत्ताच रंधा खाली ठेवून आला होता.

लढाई संपली आणि माझी किंमतही संपली. फोटोवाला गेल्यावर त्याच्या मुलाने मला पेटीत कोंबलं. तिथे कसरीने माझे लचके तोडले. पुष्कळ वर्षं मी अंधारात पडून होतो, आत तेवढे दोन वास, ओल्या मातीचा आणि भुशाचा.

एका दुपारी झाकण उघडलं. समोर फोटोवाल्याचा नातू होता, आणि गावच्या ग्रंथपाल बाई. लढाईला गेलेल्यांची माहिती जमवायला त्या घरोघर फिरून जुने फोटो पाहत होत्या. भिंगातून पाहिलं तर प्रत्येक फोटोत खांद्यावर एकच नंबर! सैन्याच्या कचेरीत विचारलं, तर त्या नंबरचा शिपाई या सगळ्या फोटोंच्या आधीच मेलेला.

"एकच मेलेला माणूस इतक्या घरांतून लढाईला गेला कसा?" बाई हळू आवाजात म्हणाल्या. मग त्यांनी माझ्या खांद्यावरचा नंबर वाचला आणि वहीतल्या नंबराशी ताडून पाहिला.

त्यांच्याबरोबर एक आजी होत्या. "मला वडिलांचा चेहराच आठवत नाही गं," त्या म्हणाल्या. "एकदा बघायचाय, बस. आई सांगायची, फोटोच्या वेळी मी त्यांच्या कोटाचं हे बटण तोडलं." त्यांनी मूठ उघडली. आत माझं बटण! मला माझं बटण ओळखू येणार नाही का? आजींनी ते माझ्या काळ्या बटणाशेजारी धरलं.

कोणी न नेलेले फोटो नातवाने टेबलावर पसरले. बाई एकेका फोटोवर बोट ठेवत गेल्या. काहींत दुसरं बटण पितळी होतं, काहींत काळं. एकाच फोटोत बटण दिसत नव्हतं. तिथे हात होता.

"आजी, हे."

आजींनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "अगंबाई, हा तर पोरगाच आहे! माझ्या नातवाएवढा." मग त्यांनी माझ्या कॉलरमध्ये तोंड खुपसलं. "भुसा," असं पुटपुटल्या आणि लहान मुलीसारख्या हमसून रडल्या. मीही रडलो असतो, पण कोटाला ते जमत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भुशाचा वास गेलेला होता.

आता मी ग्रंथालयात काचेच्या कपाटात असतो. शाळेची मुलं येतात, कपाटाला नाक लावतात. मित्रांनो, घरी गेलात की जुन्या फोटोतली माणसं कोण, हे आजी-आजोबांना विचारून ठेवा. ज्याचा नंबर माझ्या खांद्यावर आहे, त्याची चौकशी करायला अजून कोणी आलेलं नाही. आणि मला जपा, ऊन दाखवा, कसर लागू देऊ नका. पण फोटोसाठी मला कोणाच्या अंगावर चढवू नका. पाऊस नसला तरी माझं अस्तर सकाळी त्या पहिल्या शिपायाच्या चिखलाने ओलं असतं. मी दिसतो तेवढा रिकामा नाही.