पोटातला धागा आणि खाडीकाठची रेष

मी एक जुना माउस आहे, मित्रांनो. उंदीर म्हणालात तरी रागावणार नाही. शेपूट आहेच की! माझ्या पोटात एक रबरी गोळी आहे. ती घरंगळली की पडद्यावरचा बाण चालतो.

१९९६ साली सुरतेच्या उधन्यात एका नकाशांच्या कार्यालयात मला कामाला जुंपले. माझ्यावर वृषालीचा हात असे. ती लिंबायतच्या चाळीत राहायची. तिचे वडील उखा हे कापडाच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला होते. आम्ही दोघे जमिनीच्या रेषा दुरुस्त करायचो. आमच्या रेषेतल्या प्रत्येक बिंदूला स्वतःची उंची असे. वरून पाहिली तर रेष सपाट दिसे, तिरपी फिरवली की चढउतार उघडे पडत. आमचे काम पाहून सगळे वाहवा करत आणि मीही उगाच फुगून जाई.

दुखणे एकच होते. आजूबाजूला सगळे लूम, हवेत सुताचा भुगा. तो पोटात शिरला की मी अडायचो, मग मला टेबलावर आपटत. माझी काय चूक?

एकदा खाडीकाठची रेष आली. तिच्यावरून लिंबायतच्या नव्या नाल्याचा उतार ठरणार होता. उतार चुकला तर पाणी वृषालीच्याच चाळीत शिरणार होते. नकाशा तीन वाजता जायचा होता आणि अडीच वाजता मी अडलो!

वृषालीने कपाळावर हात मारला. पण तिने मला आपटले नाही. पालथे केले, पोट उघडले आणि पिनेने धागे काढू लागली. तेवढ्यात तिचा विसरलेला डबा घेऊन उखा आले. पडद्यावर ती रेष तिरपी उभी होती.

"हाई काय शे व बेटी?"

"आपली खाडी, बाबा. हा पूल, हे गिरणीसमोरचं वळण."

"आनि हाई टेकडं? गिरनीपुढे तं गुडघाभर पानी तुंबस!"

वृषालीचा हात थांबला. तिने मोजणीची वही उघडली. त्या बिंदूपुढे अकरा पॉइंट नऊ मीटर असे दिसत होते. वही लिहिणारे मगनभाई पलीकडेच चहा पीत होते.

"मगनभाई, हा नऊ आहे ना?"

"ना बेन, एकडो छे! गुजराती एकडो!"

आकडे इंग्रजी आणि शेवटचा एकडा तेवढा गुजराती! तो इंग्रजी नवासारखाच दिसत होता. खोलगट जागेचे आम्ही टेकाड करून ठेवले होते. नाला उलटा, थेट चाळीकडे उतरला असता.

वृषालीने उरलेले धागे काढले आणि माझे पोट मिटले. मी सुरळीत चाललो. तिने तो बिंदू पकडला, अकरा पॉइंट एक केला आणि टेकाड खाली बसले. तिने सुटकेचा निःश्वास टाकला. मलाही इतके हलके कधी वाटले नव्हते. नकाशा तीनला गेला.

पुढच्या वर्षी नाला झाला. पावसाळा सरल्यावर उखा मुद्दाम येऊन सांगून गेले, "यंदा चूल ओली व्हयनी नही."

आता मी खोक्यात असतो. वृषाली कधीमधी धूळ पुसते. तुमचा माउस अडला तर त्याला आपटू नका, मित्रांनो. शांतपणे पोट उघडा, धागे काढा. आणि तेवढ्या वेळात, ज्या जमिनीची रेष काढताय तिथे राहणाऱ्या कुणाला तरी पडदा दाखवा.