बुडालेल्या लाँचची दारं

मेघना नदीत बुडालेली आणि वर काढलेली ती प्रवासी लाँच आमच्या केरानीगंजच्या गोदीत आली, तेव्हा तिच्या केबिनींत गुडघाभर गाळ होता. गाळात चपला, भांडी, पोरांचे स्वेटर निघाले. एक अख्खं कलिंगडही निघालं म्हणे. ते मी पाहिलं नाही, पण माझा मदतनीस निर्मल सूत्रधार सांगतो, आणि निर्मल काहीही सांगतो.

अशा लाँचला आमच्याकडे नवं नाव देतात, नवा रंग देतात, आणि जुनं नाव पुन्हा कोणी तोंडातून काढत नाही. वर एक मजला चढतो, आत दिवे लागतात, आणि वर्षाच्या आत तीच लाँच सदरघाटच्या बंदरात उभी राहते. लोक पहिल्या फेरीला धक्काबुक्की करून चढतात. मी मोतालेब, केबिनींचा मिस्त्री. भिंतींच्या फळ्या, पलंग, दारं, कड्या, हे सगळं माझं काम.

मालक हाजीसाहेब सगळं नवं घ्यायला निघाले होते. दारांपाशी मी अडलो. अस्सल बर्मी साग, इतके दिवस पाण्यात राहूनही तसूभर वाकला नव्हता. त्याच्या बदल्यात प्लायवूड लावायचं म्हणजे लाकडाचा अपमान. मी दारं धुतली, वाळवली, रंधा मारला आणि जागच्या जागी बसवली. कड्यासुद्धा त्याच, जाड पितळेच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यातल्या केबिनीला आतून कडी.

निर्मल खिडकीतून आत उतरला आणि दार उघडलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चौथ्या दिवशी तो कुरमुरे चघळत म्हणाला, "मोतालेबभाई, आत कोणीतरी राहायला आलंय. भाडं मागा."

"वाऱ्यानं सरकत असेल," मी म्हणालो.

"वारा मोठा शिस्तीचा दिसतो. रोज त्याच दाराला कडी घालतो."

आडवी कडी वाऱ्यानं सरकत नाही हे मलाही कळत होतं. पण लाँचमध्ये काही आहे अशी कुजबुज सुटली असती, तर एक माणूस चढला नसता, आणि खापर माझ्या डोक्यावर फुटलं असतं. मी निर्मलला गप्प बसवलं. मग हाजीसाहेबांनी चोरांच्या भीतीनं सगळ्या खिडक्यांना गज बसवले, आणि आम्ही दाराच्या फटीतून तार घालून ती कडी सरकवायला लागलो.

आमच्या गोदीत एक रीत आहे. पहिल्या फेरीला मिस्त्रीच्या घरच्यांना एक केबिन मिळते. बाकीच्या केबिनी आधीच लोकांनी घेतल्या होत्या. उरली होती ती कोपऱ्यातली.

"पुढच्या वेळी जाऊ," मी बायकोला म्हणालो.

कुलसुम भांडी घासत होती, ती थांबली. "दर ईदला डेकवर चटई टाकून, लोकांच्या पायांशी डोकं ठेवून मी पटुआखालीला माहेरी जाते. रात्रभर पदर धरून जागी असते. एकदा, फक्त एकदा, दार लावून झोपू द्या मला."

 त्या कडीचं तिला न सांगता मी ती केबिन आमच्यासाठी ठेवायला सांगितली.

फेरी जवळ आली होती. एका दुपारी कुलसुम भात आणि सुकटीचं भरीत घेऊन गोदीत आली, ती केबिन बघायलाच. मी हात धुवायला गेलो होतो. परत येतो तर दार बंद, आणि आतून तिचं हसणं.

"अहो, पलंग किती मऊ आहे. कडी लावली की बाहेरचं काही ऐकूच येत नाही."

"बाहेर ये आधी."

कडी खडखडली. पुन्हा खडखडली. मग तिचा आवाज बदलला. "अहो, निघत नाहीये. माझ्या हातावर कोणाचा तरी हात आहे."

मी खिडकीकडे धावलो. गजांतून केबिन लख्ख दिसत होती. जमीन कोरडी ठणठणीत, कालच मी पॉलिश केलेली. कुलसुम एकटी दाराशी उभी होती आणि तिची साडी खालून भिजत वर चालली होती. आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत.

"पाणी येतंय," ती म्हणाली.

लाँच काठावर होती, नदी खाली कुठंतरी. मी हातोडा आणला आणि दारावर घाव घालायला लागलो. निर्मल पहार घेऊन आला. तो साग जागचा हलेना. माझ्याच हातानं मी तो इतका पक्का बसवला होता.  निर्मल खिडकीशी जाऊन ओरडला, "भाभी, पलंगावर चढा." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "कंबरेपर्यंत भिजल्यात."

"मारू नका," आतून कुलसुम म्हणाली. तिचे दात वाजत होते. "ती घाबरतेय. तुम्ही माराल तशी कडी आणखी दाबून धरतेय."

"कोण ती?"

"पोरीला पोटाशी धरून आहे. बाहेर कसली माणसं आहेत माहीत नाही म्हणते. घाट येईपर्यंत दार उघडू नकोस असं नवऱ्यानं बजावलंय म्हणते."

माझ्या हातातला हातोडा खाली आला. मीसुद्धा कुलसुमला हेच सांगून पाठवलं असतं. केबिनीतली एकटी बाई दार कधी उघडते हे आमच्याकडे कोणालाही विचारा. पहाटे घाट लागला की खलाशी बोळातून दारं थोपटत जातो, तेव्हा. त्याआधी नाही. पटुआखालीला निघालेली ही लाँच पहाटेच्या आधीच बुडाली होती. त्या दारावर कोणी थाप मारलीच नव्हती.

मी हात पुसला आणि खलाशी मारतो तशी हलकी थाप मारली. 

"आपा, उठा. पटुआखालीचा घाट आला. सामान घ्या."

काही झालं नाही. मी पुन्हा थाप मारली. "आपा, पोरीला उठवा. घाट आलाय."

कडी सरकली.

कुलसुम छातीपर्यंत चिंब होती. मी तिला धरायला गेलो, तर तिनं मला बाजूला केलं, दारातून कोणाला तरी वाट करून द्यावी तसं. "बाकीच्यांनाही उठवा म्हणते," ती म्हणाली.

बोळातली उघडी ठेवलेली दारं आता सगळी आतून बंद होती. मी एका बाजूनं निघालो, निर्मल दुसऱ्या बाजूनं. त्या दिवशी त्याला एकही विनोद सुचला नाही. आम्ही थाप मारायचो, घाट आला म्हणायचो, आणि आत कडी सरकायची. आम्ही माना खाली घालून पुढं जायचो.

कुलसुम डेकच्या टोकाशी, काठावर टाकलेल्या फळीपाशी जाऊन उभी राहिली. म्हाताऱ्यांना देतात तसा ती एकेकाला हात देत होती. "सावकाश, चाची. पाय जपून." मला कोणी दिसलं नाही. फळी मात्र दर वेळी वाकत होती आणि सरळ होत होती.

शेवटी "पोरीला मी घेते," म्हणत ती खाली वाकली, दोन्ही हात पुढं केले आणि काहीतरी उचलून कडेवर घेतलं. पदर त्यावर नीट ओढला. मग ती एकटीच फळीवरून उतरायला लागली, आणि फळी दोघींच्या वजनानं वाकली.