चाँदपाशाची ड्रिल मशीन

साखर कारखान्याच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेल्या माणसानं नातवंडं खेळवावीत, पारावर बसावं. माकणीच्या ईरण्णाला ते कुठलं जमायला. त्यानं घरामागं पत्र्याचं शेड मारलं आणि जुनी अवजारं गोळा करायचा सपाटा लावला. बायको शिवलीला म्हणायची, "कारखाना सुटला, पर ह्यांच्या डोस्क्यातनं काय सुटंना." अशात त्याच्या कानावर आलं, की तेर गावच्या फरिदाबींकडं खांबाची ड्रिल मशीन पंधरा वर्षं पडून आहे. झालं, दुसऱ्या दिवशी सकाळी गडी एसटीत.

मशीन गोणपाटाखाली होती. गंजानं लाल झालेली, टेबलावर चिमण्यांची घाण, पण खांब सरळ होता आणि आतलं फिरणारं स्पिंडल हलवून पाहिलं तर ढिलेपणा जवळजवळ नाहीच. बाजूला एक लाकडी फळी ठोकलेली, तिच्यावर शेजारी शेजारी दोन काळी बटणं, एक मोटारीचं आणि एक वरच्या बल्बचं. ईरण्णाच्या तोंडाला पाणी सुटलं. सौदा बसल्या बसल्या जमला.

"न्यायच्या आधी ऐकून घ्या, भाऊ," फरिदाबी म्हणाल्या. "आमचे हे ह्याच मशीनीवर गेले."

त्यांच्या नवऱ्याचं, चाँदपाशांचं, काम चालू असताना लाईट गेली होती. मशीन थांबली, म्हणून त्यांनी चकाला, म्हणजे ड्रिल धरणाऱ्या जबड्याला, चावी लावून ड्रिल बदलायला घेतलं. फरिदाबी चहा घेऊन आत आल्या. लाईट आली का बघावं म्हणून, आपण सगळेच करतो तसं, त्यांनी अंधारात चाचपडत बल्बचं बटण दाबलं. पाठोपाठ लाईट आली, मशीन गरकन फिरली आणि चकातली चावी उडून चाँदपाशांच्या कानशिलात बसली. चहाचा कप अजून फरिदाबींच्या हातातच होता.

"बल्बचं म्हणून दाबलं म्या. बल्ब लागला, का हात मोटारीच्या बटणावर पडला, आजपातुर आठवत न्हाय," त्या म्हणाल्या. "ह्या मशीनीला म्हाईत हाय. दुरुस्त करताना काय कळलं, तर मला सांगा."

ईरण्णानं व्हय म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

माकणीत पुढचे दोन महिने त्याला दिवस पुरेना. एकेक भाग सुटा करून रॉकेलनं धुतला, पॉलिश पेपर मारला, बेअरिंगं बदलली, नवा बेल्ट चढवला. मोटारीचं बटण उघडायचं मात्र त्यानं शेवटाला ठेवलं. आत काही जळलेलं, चिकटलेलं सापडलं असतं, तर बटणावर ढकलून मोकळं होता आलं असतं. पण बटण ठणठणीत होतं. त्या बाईला काय सांगायचं, ह्या विचारानं त्याचं जेवणावरचं लक्ष उडालं.

त्यात मशीन चमत्कारिक वागायला लागली. पाठ वळली की हँडल आपोआप खाली यायचं. ईरण्णानं नवी स्प्रिंग घातली, तरी यायचं. जुनं ग्रीस पुसताना अत्तराचा वास आला. तो शिवलीलालाही आला आणि तिनं शेडात पाऊल टाकायचं बंद केलं. ईरण्णा भूतबित मानणारा नव्हता. तरीपण आत शिरताना तो "चाँदपाशाभाई, येतो बरं का" म्हणायला लागला, आणि म्हटल्यावर त्याला जरा बरं वाटायचं.

पहिलं भोक पाडायला घेतलं ते भर दुपारी. लोखंडाची पट्टी बांधली, मशीन सुरू केली. भोक अर्ध्यात आलं आणि लाईट गेली. ईरण्णानं बटण बंद केलं. केलंच, बसवण्णाची शपथ घेऊन सांगितलं असतं त्यानं. मग चकात चावी घालून ड्रिल ढिलं केलं. ते निसटून खाली पडलं, म्हणून चावी चकातच ठेवून तो वाकला.

मशीन फिरली. त्याचं डोकं जिथं असायचं तिथून चावी सणसणत गेली आणि पत्रा फोडून बाहेर पडली.

तो जमिनीवरच बसला. मग हात लांब करून बटण पाहिलं. चालूच होतं. चाळीस वर्षांच्या नोकरीत अशी चूक त्यानं केली नव्हती, निदान तो तसं समजत होता. लाईट गेली की मशीन आपली आपण थांबते, मग बटणाकडं हात जातच नाही, मन मात्र हात जाऊन आला असं सांगतं. हे त्याला आता कळलं. शेडात अत्तराचा वास दाटला होता.

दुसऱ्या दिवशी तो तेरला गेला. फरिदाबींनी पाणी दिलं, ते त्यानं तसंच बाजूला ठेवलं.

"भाभी, तुमचा हात न्हवता. लाईट गेल्यावर चाँदपाशाभाईंनीच बटण बंद केलं न्हवतं."

"तुमाला कसं कळलं?"

"काल त्यांनी मला करून दाखवलं," ईरण्णा म्हणाला, आणि घडलेलं सगळं सांगितलं.

फरिदाबी रडतील असं त्याला वाटलं होतं. त्या रडल्या नाहीत. त्यांचा चेहरा हळूहळू लाल होत गेला.

"पंधरा वर्सं," त्या म्हणाल्या. "रोज सांजंला मगरीबची नमाज झाली की म्या त्यांची माफी मागते. पोरीच्या लग्नादिवशीसुदीक मागितली. एकदा तरी म्हणायचं हुतं, की फरिदा, तुझी चूक न्हाय."

हे त्या ईरण्णाला म्हणत नव्हत्या. त्यांची नजर त्याच्या खांद्यावरून मागं उंबऱ्याकडं लागली होती, कुणीतरी त्याच्याबरोबरच आलं असावं तशी.

"दारात काय उभं ऱ्हायलाव?" त्या म्हणाल्या. "या, बसा. आज तुमी मागा माफी, म्या ऐकते."

मागं वळून बघायची ईरण्णाची छाती झाली नाही. तो बाकावर एका कडेला सरकला आणि त्यानं शेजारी जागा करून दिली.