सैल गुंडाळलेला दोर

पुढे नका बघू, मागे बघा. गाडीपाशी आलेला माणूस तिचं तोंड बघतो, दिवे बघतो, हात फिरवतो आणि निघून जातो. मागे कोण बसलंय याची दखल कुणी घेत नाही.

मी विंच बोलतोय. एका जनावरांच्या डॉक्टरांच्या गाडीला, मागच्या बंपरात मला बसवलंय. पोटात एक रीळ, रिळावर पोलादी दोर, दोराच्या टोकाला हुक आणि कुशीत मोटर. रुतलेली गाडी ओढून काढायची, एवढ्यासाठी माझा जन्म.

माझे भाऊबंद बहुतेक गाडीच्या पुढे मिरवतात. मला मागे बसवायचं ठरलं ते डॉक्टरांच्या पत्नीमुळे. गाडीची चारही चाकं ओढणारी, म्हणून डॉक्टर कुठेही घुसायचे आणि मग चिखलाने माखून घरी यायचे. शेवटी त्या एकदा गॅरेजमध्येच येऊन उभ्या राहिल्या.

"अहो, पुढे जाऊनच तर रुतता तुम्ही. आणखी पुढे ओढून कुठे जायचंय? आलात त्या वाटेने मागे खेचणारं काहीतरी लावा."

मिस्त्री हसला. "वहिनी, गाडी चालवता वाटतं?"

"गाडी नाही, संसार चालवते. त्यातही कधी मागे घ्यावं ते कळावं लागतं."

मिस्त्री कामाला लागला. काम मात्र चोख केलं हो त्याने. नुसत्या बंपरला अडकवलं असतं तर गाडी चिखलात आणि बंपर काठावर, अशी गत झाली असती. त्याने जाड पोलादी पाटा थेट चेसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्यालाच, बोल्टने आवळला आणि त्यावर मला बसवलं. बॅटरी पुढे, मी मागे. म्हणून जाड वायरी रबरी नळीत घालून गाडीच्या पोटाखालून माझ्यापर्यंत आणल्या. बटण दाबताच मी असा घुमलो की मिस्त्रीनेच माझी पाठ थोपटली.

निघताना तो म्हणाला, "डॉक्टर, दोर आत्ता हाताने गुंडाळलाय, सैल आहे. चढावर गाडी लावा, हुक वर झाडाला अडकवा आणि ब्रेक हलका दाबून गाडी वर ओढून घ्या. दोर ताणावर बसायला हवा."

"माहीत आहे रे. सैल राहिला तर ओझं पडताच वरचा वेढा खालच्यांत घुसतो."

माहीत होतं! सगळं माहीत होतं. माझा जळफळाट होतो तो यानेच.

घरी चढ होता. फाटक खाली, घर वर, आणि दाराशी एक दांडगं झाड. पण त्या झाडाला पाणी घातल्याशिवाय बाई चहाचा घोट घेत नसत. डॉक्टरांनी हुक हातात घेतला आणि त्या आडव्या आल्या.

"याच्या गळ्यात पोलादी फास? साल कापली की झाड गेलंच. नाही म्हणजे नाही."

"अगं, मधे घालायला रुंद पट्टा मिळतो. आणतो की."

"आणा, मग लावा."

पट्टा काही येईना. डॉक्टर बाजारातून औषधं आणत, चपला आणत, एकदा तर पिंजऱ्यासकट पोपट आणला! पट्टा पुढच्या रविवारी. मग बाईंनी नेम धरला. "पट्टा येईपर्यंत माझा चहा बिनसाखरेचा."

"उत्तम! वजन उतरेल," डॉक्टर म्हणाले.

बाई रोज तो कडू चहा डोळे मिटून प्यायच्या. देवापुढे दिवा लावून दारात यायच्या आणि मलाही हात जोडायच्या. "बाबा रे, यांना सुखरूप आणत जा." मी काय बोलणार? पोटात दोर ढिला, सुताच्या गुंड्यासारखा. माझ्यावर पाय ठेवून डॉक्टर बुटाची नाडी बांधत. हुकावर पायपुसणं वाळत. लोक विचारत, "डॉक्टर, हे शोभेचं का?" डॉक्टर हसत. मी आतल्या आत गंजत होतो.

आणि एका सकाळी फोन वाजला. ओढ्यापलीकडे एक मावशी एकटीच राहते. तांबडी गाय हीच तिची सोबत. "डॉक्टर, गाय अडलीय हो! वासराचा एकच पाय बाहेर आलाय, दुसरा दिसत नाही."

गाडी सुसाट निघाली. बाई दारातून ओरडल्या, "सावकाश!" ओढ्यात उतरताच पुढची चाकं गाळात बसली. डॉक्टर उडी मारून मागे आले. "आता आपला गडी कामाला!" छाती फुगली माझी. त्यांनी काठावरच्या धोंड्याला साखळी घातली, तिच्यात माझा हुक अडकवला आणि बटण दाबलं.

ओढलं मी. देवाशपथ ओढलं. गाडी तसूभर हलली, आणि माझ्या पोटात कचकन वेढा घुसला. त्यावर दुसरा चढला, दोराचा एका बाजूला ढीग झाला आणि रिळावरच्या आडव्या दांडीला जाऊन अडकला. ना आत, ना बाहेर. मोटर नुसती कण्हत राहिली. डॉक्टरांनी माझ्यावर बुक्की मारली. मला का मारता? मी काय वेगळं सांगत होतो इतके दिवस?

मग बॅग डोक्यावर धरून ते पाण्यातून पायी गेले. मी तिथेच, पोटात गुंता घेऊन.

परतले तेव्हा मावशी बरोबर होती. डॉक्टर माझ्यावरच टेकले. "थोडं आधी पोचलो असतो तर वासरू हाती लागलं असतं, मावशी."

"गाय उभी राहिली ना? मग बसा, पाणी प्या आधी." तिने माझ्याकडे बघितलं. "याला काय झालं?"

"याला नाही. मला झालंय. आळस."

शेजारच्या ट्रॅक्टरने आम्हाला बाहेर काढलं. मागच्याच बाजूने, बाईंनी सांगितलं होतं तसं.

बाईंनी सगळं ऐकलं. मिस्त्रीने चेपलेला दोर टाकून नवा चढवला, त्या दिवशी त्यांनी कपाटातून जुनी सतरंजी काढली, घडी घातली आणि झाडाच्या बुंध्याला गुंडाळली.

"गाडीतली साखळी आणा. ती सतरंजीवरून घाला आणि हुक साखळीत."

डॉक्टरांनी साखळी काढून आणली. साखळी पहिल्यापासून गाडीत. सतरंजी पहिल्यापासून घरात.

"मलाही तेव्हा सुचलं नाही," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "तुम्ही बाजाराची वाट बघितलीत, मी नेम धरून बसले. कुणीच कपाट उघडलं नाही."

त्या स्वतः गाडीत बसल्या. "ब्रेक तरी दाबता येतो मला!" डॉक्टरांनी बटण दाबलं. गाडी चढावर मागे मागे सरकू लागली आणि माझा दोर वेढ्याला वेढा लावून घट्ट बसत गेला. झाडाची साल जशीच्या तशी. असं पोट भरल्यासारखं मला कधीच वाटलं नव्हतं.

डॉक्टरांनी चहा केला आणि बाईंच्या कपात साखर घातली. त्यांनी कप परत दिला.

"अहो, आता कसला नेम?"

"त्या गाईचं वासरू उभं राहिलेलं बघेन, तेव्हा गोड."

तांबडी पुन्हा गाभण आहे, असं परवा ऐकलं. फोन येईल. ओढा आडवा येईल. डॉक्टर पुन्हा रुततील, स्वभावाला औषध नाही. पण आता मी तयार आहे. एकच विनवणी आहे, फार मोठी नाही.

हुकावरचं ते पायपुसणं तेवढं काढा.