तांड्यावरची पाच लेकरं

सावळखेडच्या शाळेत पालक मंडळाची मोठी बैठक वर्षातून एकदाच, दिवाळीची सुटी संपली की व्हायची. वर्षभराची कामं तेव्हाच वाटली जात. कौलं कोण चाळून देईल, कुंपणाला बोराटीच्या फांद्या कोण आणेल, सव्वीस जानेवारीची बुंदी कोणाच्या घरी पाडायची, शिरपूरच्या सहलीला गाड्या कोणाकोणाच्या. मंडळाजवळ पैसा असा नव्हताच. सुगी आटोपली की घरटी दोन पायल्या ज्वारी गोळा व्हायची, ती मालेगावच्या बाजारात विकली जायची आणि त्यावर वर्ष निघायचं.

१९७४ साली मात्र रामकिसन गुरुजींनी कामं वाटायच्या आधी अकोल्याहून आलेला एक कागद वाचून दाखवला. पाचवीच्या वर्गात वीसपेक्षा कमी मुलं दिसली तर वर्ग बंद होणार होता. तपासणी फेब्रुवारीत होती.

"आज पट तेवीसचा आहे," गुरुजी म्हणाले. "पण त्यात पाच मुलं तांड्यावरची. त्यांचे आईवडील येत्या आठवड्यात ऊस तोडायला नगरकडे निघालेत. मुलं सोबत गेली की उरली अठरा."

वर्ग गेला तर पाचवीसाठी मालेगावला चालत जावं लागणार, तीन कोस. पोरं गेलीही असती. पोरींची शाळा तिथंच संपणार होती, हे कोणी बोललं नाही तरी सगळ्यांना माहीत होतं.

"ती पाच मुलं गावातच कोणी ठेवून घेतली तर?" गुरुजींनी विचारलं.

मंडळाचे अध्यक्ष इंद्रभान पाटील पन्नाशीचे, रोखठोक माणूस. ते म्हणाले, "मास्तर, दुसऱ्याचं लेकरू घरात ठेवनं म्हंजे पदरात निखारा बांधनं हाय. पाच महिन्यात काही कमी-जास्त झालं तर त्याच्या बापाले कोन तोंड देईन?"

मग दाराजवळून आवाज आला, "मी ठेवतो एक पोट्टी."

ती पंचफुला होती. मंडळात बाई एवढी एकच. दोन वर्षांपूर्वी बौद्धवाड्यातून कोणीतरी हवं म्हणून गुरुजींनी तिचं नाव घातलं होतं, आणि तेव्हापासून तिनं एकही बैठक चुकवली नव्हती. नवरा देवमन रेल्वेत गँगमन, तो रविवारी तेवढा घरी येई. घरात ती आणि पाचवीतली लेक विशाखा.

"तांड्यावरचे लोक तुह्या घरी ठेवतीन का?" इंद्रभान पाटलांनी सरळ विचारलं.

"इचारून पाहू," पंचफुला म्हणाली.

तिच्यामागून दोन शेतकरी एकेका मुलाला हो म्हणाले. उरलेली दोन गुरुजींनी स्वतःकडे घेतली. पाटलांनी लेकरू घेतलं नाही, पण यंदा घरटी दोनाच्या तीन पायल्या गोळा करायच्या असं त्यांनी ठरवून टाकलं, कारण पाच तोंडांना पाच महिने खायला लागणारच होतं.

दुसऱ्या दिवशी पंचफुला तांड्यावर गेली. सेवालाल खोपीपुढं बसून बाजेची दोरी आवळत होता. त्याची पोरगी हेमला दारातून बघत उभी होती. पंचफुलानं आधी आपण बौद्धवाड्यातली असल्याचं सांगितलं, मग काम.

सेवालालनं दोरी खाली ठेवली. "वाड्याचं काय घेऊन बसली बाई," तो म्हणाला. "दुष्काळाच्या साली हिच्या मोठ्या भावाले आमी संगं नेलं. एकच साल म्हनलो होतो. तो आता कोयताच धरते. पाटी त्यानं पुन्हा हातात घेतली नाही." त्यानं दारातल्या हेमलाकडे पाहिलं. "तुह्या भरवशावर सोडून जातो. तू म्हनशीन तसं."

हेमलाच्या आईनं काहीच म्हटलं नाही. निघायच्या दिवशी तिनं लेकीची वेणी घालून दिली, पंचफुलाच्या दाराशी आणून सोडलं आणि मागं न बघता ट्रककडे गेली.

हेमलानं त्रास असा दिला नाही. सांगितलेलं काम करायची, शाळेत जायची, परवचा म्हणायची. पण बोलायची नाही. अर्धी भाकर खाऊन हात धुवायची. आईची आठवण येते का म्हणून विचारलं तर मान हलवायची, ती हो म्हणून की नाही म्हणून ते कळत नसे. विशाखा आपल्या गोधडीत तिला ओढून घ्यायची. पोरगी रडली असती तर पंचफुलाला बरं वाटलं असतं. रडणाऱ्या लेकराला जवळ घेता येतं. गप्प बसलेल्याला काय करावं, हे तिला समजत नव्हतं.

जानेवारीत सहल निघाली. चार गाड्या, चाळीस मुलं, गुरुजी, आणि मंडळातर्फे पंचफुला न् इंद्रभान पाटील. पहिली गाडी पाटील स्वतः हाकत होते. शिरपूरला पोचल्यावर मुलांनी जुनं मंदिर पाहिलं, भुयारासारख्या खोलीत वाकून आत गेली, बाहेर येऊन दंगा केला. मग चिंचेखाली भाकरी सुटल्या. जेवणं झाल्यावर गुरुजींनी मुलं मोजली. एकोणचाळीस भरली. पुन्हा मोजली, तरी तेवढीच.

हेमला नव्हती.

"पानी प्यायले गेली म्हने," विशाखा रडवेली होऊन म्हणाली. "मले वाटलं आली असन."

पंचफुला आधी विहिरीकडे पळाली. काठाला वाकून तिनं आत पाहिलं. पाणी स्थिर होतं, पाणी भरणाऱ्या बायांनी कोणी पोरगी पाहिली नव्हती. मंदिराच्या मागं पाहिलं, धर्मशाळेत पाहिलं, बाजाराच्या ओळीत प्रत्येक दुकानापुढं विचारलं. 'तुह्या भरवशावर सोडून जातो' हे सेवालालचं वाक्य डोक्यात सारखं वाजत होतं. बैठकीत कोणी पुढं आलं नव्हतं, तेव्हा आपल्यालाच काहून पुळका आला, असंही एकदा मनात येऊन गेलं, आणि त्याची तिला लाज वाटली.

वाटेत पाटील भेटले. मी म्हनलं नव्हतं का, असं ते म्हणतील म्हणून ती थांबली. पण ते एवढंच म्हणाले, "नाल्याकडं मी पाहून येतो. तू मोटार स्टँडावर जाय. घाबरू नोको." आणि ते धोतर सावरत पळाले.

स्टँडावर लिंबाखाली बंजारा बायांचा एक घोळका गाठोडी घेऊन बसला होता. त्यांच्या मधोमध हेमला होती. ती बोलत होती. हातवारे करून, श्वास न घेता, आपल्या भाषेत बोलत होती. दोन महिन्यांत मिळून पंचफुलानं तिचे जेवढे शब्द ऐकले नव्हते तेवढे ती एका दमात बोलत होती. पंचफुला तिथंच मातीत बसली.

घोळक्यातली म्हातारी म्हणाली, "हे लेकरू तुह्याजवळ हाय का, बाई?"

पंचफुलानं मान हलवली.

"आमी कारखान्यावरूनच येऊन राह्यलो. ह्या सुनेचे दिवस भरले म्हून परत निघालो. हिची याडी आमच्या शेजारच्याच कोपीत राह्यते. मायच ना ते. इकडं निघालेल्या दर मानसाले सांगते, सावळखेडच्या शाळंत माही पोरगी हाय, कशी हाय ते कोनी तरी कळवा. आमी कोनाले इचारावं असं म्हनत होतो, तर हीच समोर येऊन उभी राह्यली."

"माही याडी चांगली हाय, मावशी," हेमला म्हणाली. "भाऊही चांगला हाय." आणि मग तिला रडू फुटलं. पंचफुलानं तिला जवळ ओढलं, आणि पोरगी मांडीत डोकं खुपसून पोटभर रडली.

"मले सांगून आली असती तर मीच संगं आलो असतो ना," पंचफुला तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली.

"ह्या लोकाईची मोटार सुटन असं वाटलं."

पाटील धापा टाकत आले. पोरगी दिसताच त्यांनी डोक्याचं मुंडासं सोडून तोंड पुसलं आणि बराच वेळ पुसतच राहिले. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "लेकराईचं पोट पाहिलं आपन. हे काही सुचलं नाही." परतीच्या वाटेवर त्यांनी हेमलाला आपल्या गाडीत पुढं बसवलं, आणि गुरुजींना सांगितलं, "मास्तर, उद्या पोष्टकार्डं आना. पाचही लेकराईले, दर पंधरा दिवसाले एक. मंडळाच्या खर्चात टाका. कोनी इचारलं तर माहं नाव सांगा."

हेमलानं पहिलं कार्ड स्वतः लिहिलं. त्यात शिरपूरचं मंदिर होतं, शेळीला झालेली दोन पिल्लं होती, आणि विशाखा घोरते हेही होतं. वीस दिवसांनी उत्तर आलं. ते मुकादमाच्या कारकुनानं लिहिलेलं होतं. तुझ्या आईनं कार्ड माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं, असं त्यानं शेवटी आपल्या मनानं लिहिलं होतं. त्या संध्याकाळी हेमलानं दोन भाकरी खाल्ल्या.

फेब्रुवारीत तपासणीचे साहेब आले. पाचवीत तेवीसच्या तेवीस मुलं बसली होती. साहेबांनी मोजली, दोघातिघांना पाढे विचारले, चहा घेतला आणि वर्ग चालू ठेवण्यास हरकत नाही असा शेरा लिहून गेले. ते सायकलीवरून वळणाआड होईपर्यंत गुरुजी ताठ उभे होते. नंतर पायरीवर बसले आणि त्यांनी मुलांना सुटी दिली.

एप्रिलच्या शेवटी, परीक्षा झाल्यावर, फाट्यावर ट्रक थांबला. सेवालाल आणि त्याची बायको गाठोडं तांड्यावर न टाकता सरळ पंचफुलाच्या दारी आले. हेमला विशाखाबरोबर नदीवर धुणं धुवायला गेली होती. अंगणात लेक दिसेना तसा सेवालालचा चेहरा उतरला.

"नदीवर हाय. बोलावनं धाडलं," पंचफुला म्हणाली. "पानी घ्या आधी."

त्यांनी पाणी घेतलं, पण डोळे वाटेकडेच होते. मग दोघी पोरी ओल्या परकरांनी पळत आल्या. हेमला आईपाशी येऊन थबकली, जणू एवढ्या दिवसांनी कुठून सुरुवात करावी हे कळेना. आईनंच तिला ओढून घेतलं, आणि तिचं तोंड, खांदे, दंड चाचपून पाहिले.

"उंच झाली," ती म्हणाली. पंचफुलानं तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकला.

सेवालालनं कारखान्यावरची साखर पुडीत बांधून आणली होती. ती त्यानं चुलीजवळ ठेवली. "सहावीले मालेगावले जा लागते म्हनते मास्तर," तो म्हणाला. "मंडळानं तठीबी काही केलं तर बरं होईन. मी पुढच्या साली अठीच काम पाहून राह्यलो, बाई. पन नाही भेटलं तर..."

"तर घर कुठी जाते," पंचफुला म्हणाली.

ते तिघं तांड्याच्या वाटेला लागले. हेमला मधे होती आणि एकसारखी बोलत होती. पंचफुला ते टेकाडापलीकडे उतरेपर्यंत बघत राहिली. मग आत येऊन जरा पाठ टेकावी म्हणून सतरंजीवर पडली. उठली तेव्हा ऊन ओसरलं होतं, विशाखानं चूल पेटवली होती, आणि माय पाच महिन्यांत पहिल्यांदाच एवढी गाढ झोपलेली पाहून तिनं तिला हाक मारली नव्हती.