घरोघर वाटलेली उल्कान

माझे झाकण पूर्ण बंद केले तरी डाव्या कोपऱ्यात गव्हाच्या दाण्याएवढी फट उरते. हिवाळ्यात हवा कोरडी पडली की लाकूड आक्रसते आणि फट थोडी रुंद होते. वसंतात बर्फ वितळू लागले की ती पुन्हा अरुंद होते. इतकी वर्षे हे असेच चालले. मागच्या हिवाळ्यात मात्र ऐन कडाक्याच्या थंडीत ती जवळजवळ बुजली. जणू आतून कुणी झाकण ओढून धरले होते.

मित्रांनो, मी नारिन या डोंगराळ गावातल्या एका घराची संदूक आहे, आणि या घरातल्या सगळ्यांहून वयाने मोठी आहे. एका सुताराने आपल्या लेकीच्या लग्नासाठी मला डोंगरातल्या सुगंधी लाकडातून घडवले आणि वर चकचकीत पत्र्याच्या पट्ट्या ठोकल्या. ती लेक म्हणजे उल्कानची आजी. तेव्हा माझ्या पोटात रेशमी कापडे असत, पाठीवर छतापर्यंत गोधड्यांची चळत असे, आणि येणारा प्रत्येक पाहुणा आधी माझ्याकडे बघून मग चहाला हात लावी. ते दिवस मला आवडत होते, हे मी लपवणार नाही.

मी उल्कानकडे आले तेव्हा तिने कापडे काढून टाकली आणि कागद भरायला सुरुवात केली. ती शाळेत भूगोल शिकवायची आणि उरलेल्या वेळात लिहायची. काय लिहायची, हे सांगणे अवघड आहे. रंगभूमीसाठी नाटके. मुलांसाठी गाणी. हिमनद्यांवर एक सोपे पुस्तक. भुताच्या गोष्टी. गावात कुणी वारले की बायका भिंतीकडे तोंड करून जे शोकगीत गातात, तेही लोक तिच्याकडूनच लिहून नेत. प्रत्येक प्रकाराचा गठ्ठा ती वेगळ्या रुमालात बांधून माझ्यात ठेवी.

शेजारची बात्मा तिला चिडवायची, "उल्कान, तू नेमकी लिहितेस तरी काय गं? परवा बाजारात एकानं विचारलं. मी म्हटलं, ती सकाळी रडवते, दुपारी हसवते आणि संध्याकाळी घाबरवते."

"मग बरोबरच सांगितलंस की," उल्कान म्हणाली. "रात्री झोपते, तेवढं सांगायचं राहिलं."

त्या वर्षांत मी एक गोष्ट पाहिली. कागद दाबून ठेवले की एकाची शाई शेजारच्यावर फिकट उमटते. यात नवल नाही. पण शोकगीतांचा गठ्ठा तळाशी होता आणि मुलांची गाणी सगळ्यांत वर. मधे तीन गठ्ठे होते, तेही रुमालात बांधलेले. तरीही शोकगीताच्या एका पानावर मुलांच्या गाण्यातल्या मेंढराची ओळ उमटली. मधल्या कागदांवर तिचा मागमूस नव्हता. उल्कानने ते पान पाहिले, पुष्कळ वेळ पाहिले, आणि पुन्हा होते तिथेच ठेवले.

मग उल्कान गेली.

आमच्याकडे वृद्ध, मानाचे माणूस गेले की त्याच्या वस्तू आप्तांना वाटतात. ज्याला मिळते तो ती कपाळाला लावतो. त्या माणसाचे आयुष्य आणि गुण आपल्या घरी येतात, असा समज. तिची लेक सायकाल हिने कोट दिला, शाली दिल्या, चष्मासुद्धा दिला. तरी माणसे उरलीच. तेव्हा उल्कानचा धाकटा भाऊ सुयुंबेक म्हणाला, "अगं, शालीचं काय घेऊन बसलीस? माझ्या बहिणीची खरी वस्त्रं त्या संदुकीत आहेत."

सगळ्यांना ते पटले. मलाही क्षणभर अभिमान वाटला. नाटके सुयुंबेककडे गेली, शोकगीते बात्माकडे. मुलांची गाणी, हिमनद्या, भुते, सगळे वेगवेगळ्या घरी गेले. लोकांनी गठ्ठे कपाळाला लावले आणि डोळे पुसत नेले.

मी रिकामी झाले. पण माझ्याखालचा नमदा, म्हणजे लोकरीचे जाड अंथरूण, वर उचलला गेला नाही. माझे वजन कमी झाले की लोकर हळूहळू फुगते, हे मला ठाऊक आहे. घर सारवून-पुसून घ्यायचे म्हणून दोघांनी मला उचलायचा प्रयत्न केला. मी हलले नाही.

"काही राहिलंय का हिच्यात?" त्यांनी विचारले. सायकालने झाकण उघडून दाखवले. आत काही नव्हते.

दर गुरुवारी सायकाल गरम तेलात पिठाचे गोळे तळते, कारण तळणाचा वास मेलेल्यांपर्यंत पोचतो. अशाच एका गुरुवारी दुपारी सुयुंबेक आला. बात्मा आधीच चहा घेत बसली होती. त्याने टोपी काढली नाही.

"सायकाल, तुझ्या आईची नाटकं घरात आल्यापासून रोज दिवा लावायच्या वेळी दाराबाहेर कुणीतरी विचारतं, 'आत येऊ का?' आधी मला वाटलं, बायकोनं माहेरची माणसं बोलावलीत. म्हटलं, या. दार उघडलं. अंगणात कुणी नाही. बर्फावर पाऊलसुद्धा नाही."

"तायके, तुम्ही थोडी घेतली होती का?" सायकाल हसत म्हणाली. मामाला ती तायके म्हणते.

"या वयात डॉक्टर थेंबही घेऊ देत नाही, आणि तुला थट्टा सुचते!"

बात्माने चहाची वाटी खाली ठेवली.

"माझ्याकडे," ती म्हणाली, "त्याच वेळेला भिंतीतून आवाज येतो. 'ये, दार उघडंच आहे.' रोज. मला वाटलं, माझी वेळ आली, मलाच बोलावताहेत. म्हणून मी अंधार पडायच्या आत दाराला कडी घालते आणि पलंगावर पाय वर घेऊन बसते."

कढईत तेल कडकडत होते. एका घरात प्रश्न होता आणि उत्तर दुसऱ्याच घरात.

"मग ते गठ्ठे एकत्र आणायला हवेत," सायकाल हळूच म्हणाली.

"म्हणजे परत घ्यायचं?" सुयुंबेकने वर पाहिले. "मेलेल्याच्या नावानं दिलेलं परत मागतात का कधी? लोक म्हणतील, लेकीनं आईच्या अंगावरची वस्त्रं ओढली. पुन्हा या घरात कोण पाऊल ठेवील? मीसुद्धा मागणार नाही आणि तूही नको."

त्यानंतर सायकाल अनेकदा माझ्यापाशी आली. झाकणावर हात ठेवी, ओठ हलवी आणि शब्द न उच्चारताच उठून जाई.

शरद ऋतूत थंडी शिरू नये म्हणून इथे घरोघर खिडक्यांच्या फटींवर कागदाच्या पट्ट्या चिकटवतात. सायकालच्या एका दूरच्या भावजयीने हिमनद्यांच्या पुस्तकाची पाने कापून त्यासाठी वापरली. हे मला नंतर कळले. त्या दिवशी एवढेच कळले की माझ्या आत बारीक वारा वाहतो आहे. घर बंद होते, शेगडी पेटलेली होती, आणि माझ्या तळाशी हिमाचा थर धरत होता. नोव्हेंबरभर तो वितळला नाही. सायकालने हात घातला तेव्हा तिच्या बोटांची कातडी त्याला चिकटली. सायकालला थोरली बहीण मानून एजे म्हणणारी ही भावजय सांगायला आली, "एजे, खिडकीतून वारा नाही येत, पण कुणीतरी सारखं मोजतं. बर्फाची उंची मोजतं. आकडा रोज कमी होतो." तेव्हा सायकाल पट्ट्या बघायला धावली. निम्मे पुस्तक गेले होते.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणी नाना तऱ्हेचे लिहिणारे, गाणारे, घडवणारे असेल. त्याच्या कामाचे लचके तोडून वाटू नका, प्रेमानेसुद्धा. तुम्हाला ती वेगवेगळी कामे दिसतात. आत ती एकमेकांशी बोलत असतात.

उल्कानला जाऊन वर्ष झाले, वर्षाचे जेवण झाले. मेंढा कापला होता, अंगणात दोन तंबू उभारले होते, गठ्ठे नेलेली सगळी घरे आली होती. या जेवणानंतर शोक संपतो आणि मग कुणी मागे वळून काही बोलत नाही. वडीलधाऱ्यांनी आशीर्वादासाठी तळवे उघडले. ते तोंडावरून फिरवले की सारे मिटले.

सायकाल उठून उभी राहिली.

"थांबा," ती म्हणाली. सुयुंबेकने मान हलवून नको म्हटले. तिने त्याच्याकडे पाहिले आणि आवाज न चढवता सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाली, "तुम्ही या घरात पुन्हा आला नाहीत तरी चालेल. माझ्या आईचं लिहिलेलं सगळं मी परत मागते आहे."