पाच शब्दांची परीक्षा

'घोडा' हा शब्द बाबांनी डॉक्टरांच्या आधी म्हटला.

स्मरणशक्तीची साधी चाचणी होती. डॉक्टर पाच शब्द सांगणार, बाबांनी ते लगेच म्हणून दाखवायचे आणि थोड्या वेळाने पुन्हा आठवायचे. डॉक्टरांना सर्दी झाली होती, तोंडावर नेहमीचा मास्क होता. "कात्री, नदी, पिवळा, खुर्ची" इथपर्यंत त्या आल्या आणि त्यांना शिंक आली. शिंक पुरी व्हायच्या आत बाबांनी पाचही शब्द म्हणून टाकले, घोड्यासकट. डॉक्टर नाक पुसत होत्या. घोडा आपणच सांगितला, असं त्यांना वाटलं असावं. मी मात्र बाबांच्या शेजारीच बसले होते.

पुढे डॉक्टरांनी सहज विचारलं, "सकाळी काय खाल्लंत?" बाबांनी पेन्सिल उचलली, कागदावर गोल काढला आणि त्यात घड्याळाचे आकडे भरायला घेतले.

"अहो, घड्याळ नंतर," डॉक्टर हसल्या. "घाई आहे वाटतं?"

बाबाही हसले. त्यांना पैकीच्या पैकी गुण मिळाले.

बाबा शाळेची व्हॅन चालवतात. साठी ओलांडलेल्या चालकांकडून शाळा दरवर्षी हे प्रमाणपत्र मागते. ते नसेल तर व्हॅन उभी. गेले काही महिने मला बाबांच्या स्मरणशक्तीबद्दल शंका येत होती. सांगितलेली गोष्ट 'मला कुणी सांगितलीच नाही' म्हणायचे. चार माणसं बोलत असली की मधूनच उठून जायचे. मित्रांबरोबर पत्ते खेळणं त्यांनी सोडलं होतं. या सगळ्याचा अर्थ मी कॉलेजच्या अभ्यासात वाचलेला होता. म्हणून चाचणीला सोबत गेले, आणि जी शंका फिटायला हवी होती ती दुप्पट झाली.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकापाशी दाढीकाकांना गाठलं. तेही व्हॅन चालवतात, बाबांचे जुने मित्र. त्यांची चाचणी आधीच्या आठवड्यात झाली होती.

"काका, घोडा कुठून आला?"

"कुठला घोडा?"

"नदीकाठी पिवळ्या खुर्चीवर बसला होता, कात्री घेऊन."

काका खो खो हसत सुटले. "अगं, परीक्षा म्हटली की गाइड नको? तू नाही का जुने पेपर सोडवायचीस?"

"ते वेगळं."

"तुझं ते वेगळं आणि आमची ती कॉपी! छान!" मग त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "खरं सांगू? मी सांगणार नव्हतो. तुझा बाप पिच्छाच सोडेना. पुन्हा पुन्हा म्हणून घेतलं माझ्याकडून."

ज्याचं डोकं ठिकाणावर आहे तो असा पिच्छा कशाला पुरवील? रोज व्हॅनभर पोरं या माणसाच्या भरवशावर घरी येत होती.

घरी आईला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"बापावर पाळत? पोलिसात का नाही भरती झालीस?" ती म्हणाली. पण तिचे हात मंदावले. "मलाही वाटतं गं कधी कधी. बोलून दाखवलं तर खरंच ठरेल म्हणून गप्प बसते."

मी बाबांची चाचणी स्वतःच घ्यायचं ठरवलं. त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात, दिव्याखाली, बाबांच्या समोर बसून मी पाच नवे शब्द सांगितले.

"हे काय नवीन खूळ?"

"कॉलेजचा प्रयोग आहे."

भांडी घासून झाल्यावर विचारलं. बाबांनी पाचही शब्द सांगितले, तेही क्रमाने. मी चक्रावले. हे कुणी फोडले असणं शक्यच नव्हतं. ते मला ऐन वेळी सुचले होते.

दुसऱ्या दिवशी मुलांना सोडून परतताना मी व्हॅनमध्ये मागच्या सीटवर बसले होते. तिथून आणखी पाच शब्द सांगितले. बाबा "हं, हं" म्हणाले. घरापाशी आल्यावर ते मागे वळले तेव्हा विचारलं, तर म्हणे, "कसले शब्द?"

काल पाचही, आज एकही नाही. माणूस तोच, शब्द तितकेच सोपे. मग बदललं काय? मी मागच्या सीटवरून बाबांच्या मानेकडे बघत राहिले. मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, "बाबा, तुमच्या शर्टाला मागे शाईचा डाग पडलाय."

बाबा इस्त्रीची घडी मोडू नये म्हणून सीटला टेकत नाहीत. असलं काही ऐकलं असतं तर हात ताबडतोब पाठीवर गेला असता. ते जागचे हललेसुद्धा नाहीत. गाडी बंद करून आरामात आरसा पुसत राहिले.

मी उतरले आणि पुढच्या सीटवर, त्यांना तोंड दिसेल अशी जाऊन बसले.

"कधीपासून ऐकू येत नाही?"

"येतं." ते काचेबाहेर बघत होते. "पुसट येतं. ओठ दिसले की कळतं. त्या डॉक्टरीणबाईंच्या तोंडावर मास्क असतो, हे दाढीने सांगितलं होतं. काहीच कळलं नसतं मला. शब्द विसरलो असंच लिहिलं असतं तिने."

"मग आधीच सांगायचं ना."

"आणि कानात मशीन घातलेल्या म्हाताऱ्याच्या गाडीत कोण पोरं बसवील?"

"कानावर नीट पडलंच नाही तर मेंदू साठवणार काय? अर्धंमुर्धं ऐकलेलं जुळवण्यातच त्याचा जीव जातो. माणसं तोडता तुम्ही, पत्ते सोडलेत. ऐकू न येणं असंच अंगावर काढलं तर पुढे विस्मरणाचा आजार व्हायचा धोका वाढतो. मशीनने तो कमी होऊ शकतो. हमी कुणी देत नाही, पण—"

"भाषण पुरे."

"बरं. मागे एखाद्या पोराचा हात दारात अडकला आणि ते ओरडलं, तर?"

बाबांनी किल्ली काढून माझ्या हातात दिली.

"दाढीला फोन लाव. उद्यापासून माझी पोरं त्याच्या गाडीत."

"तुम्हीच लावा की."

"फोनवर मला त्याचं एक अक्षर कळत नाही, गाढवे!"

कानांची तपासणी झाली, यंत्रं आली, त्यांची सवय होईपर्यंत घरात बरीच चिडचिडही झाली. आई म्हणाली, आता हळू आवाजात कुरकुर करायचीही सोय राहिली नाही. मग बाबा आपणहून त्याच डॉक्टरांकडे गेले आणि म्हणाले, "मागची कॉपी होती. दुसरे शब्द काढा."

मी पुन्हा शेजारी बसले. माझी शंका अजून पुरती फिटलेली नव्हती. कानांमुळे सगळ्याचा उलगडा होत होता, पण कान आणि विसर एकत्रही असू शकतात. दोरी, डोंगर, हिरवा, चमचा, मांजर. बाबांनी शब्द स्वच्छ म्हणून दाखवले. घड्याळ सांगितल्यावरच काढलं. मग आठवायची वेळ आली.

"दोरी. डोंगर. चमचा. मांजर." बाबा थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शब्द माझ्या जिभेवर होता. मी फरशीकडे बघत राहिले.

"चार छान आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "प्रमाणपत्राला अडचण नाही. पुढच्या वर्षी पुन्हा बघू."

त्यांनी कागद पुढे सरकवला. बाबांनी तो घेतला नाही.

"थांबा जरा," ते डोळे मिटून म्हणाले. "या वेळी ऐकलाय मी तो."